तिसऱ्या मिनिटाचा आकडा

“आज किती जणी हायसा?” गेनबाने केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि विचारलं.

“सहा.”

“म्हंजे सहा बारी गड चढायचा.” त्याने लाकडी पायरी पायाने दाबून बघितली. ती हलली नाही. “चढू की. तुमचा नंबर कितवा, कुमुदबाई?”

“शेवटचा.”

“मग तुमच्या वक्ताला मी चांगला तापल्याला असंन,” तो हसला. “गडी तापल्याबिगर खरा न्हाय.”

१९६४ सालचा एप्रिल होता. सकाळचे आठच वाजले होते, पण लॅबच्या छताचे पत्रे आतापासूनच चटचट वाजायला लागले होते. गेनबा खिलारे आमच्या मेडिकल कॉलेजातल्या फिजिऑलॉजी खात्याचा शिपाई. पन्नाशीचा असेल, आपलं नेमकं वय त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी परीक्षा म्हणून त्याने ठेवणीतला खाकी कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, छातीवर घासून लख्ख केलेला पितळी बिल्ला. कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या शहरात त्याची माणसं अजून आहेत.

पायरी दीड फूट उंच होती. तिच्यावर मेट्रोनोम या ताल देणाऱ्या यंत्राच्या ठोक्याला मिनिटाला तीस वेळा चढायचं, तीस वेळा उतरायचं, असं पाच मिनिटं. मग थांबायचं. थांबल्याबरोबर एकदा, तिसऱ्या मिनिटाला एकदा आणि पाचव्या मिनिटाला एकदा, असा तीनदा त्या माणसाचा रक्तदाब मोजायचा. व्यायामाने रक्तदाब किती चढतो आणि शरीर तो पुन्हा ठिकाणावर कसा आणतं, ते कागदावर लिहायचं. मुलं ही परीक्षा एकमेकांवर करत. मुलींचं तसं नव्हतं. नेसत्या साडीत परीक्षकांसमोर पायरी चढणं बरं दिसत नाही, आणि वर्गातल्या मुलाच्या उघड्या दंडाला मुलीने पट्टा बांधणंही बरं दिसत नाही. म्हणून कधी काळी कुणीतरी ठरवून टाकलं होतं, की मुलींसाठी गेनबा. गेनबाच्या दंडाला हात लावायला कुणाची हरकत नव्हती. तो शिपाई होता.

“डबा खाऊन घे ना आधी,” मी म्हटलं. “हौसाबाईंनी दिलाय ना?”

“दिलाय. पर पोटात भाकरी असली की गड चढवत न्हाय. तुमचं झालं की खाईन. तुमी काय खाल्लं का?”

मी मान हलवली. सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता.

“भ्यालाय व्हय?” त्याने आवाज खाली आणला. “मागच्या येळचं इसरा आता.”

मागच्या वेळी, ऑक्टोबरात, मी याच लॅबमध्ये नापास झाले होते. लेखी पेपर उत्तम गेले होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. फेब्रुवारीत बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र आलं. कराडचं एक स्थळ आलेलं आहे, मुलगा वकील आहे, त्यांना मेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. या खेपेस झालीस तर पुढे शीक. नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडायचा. खाली सही, आणि सहीखाली, ‘तुझी आई तुझी वाट पाहते.’ ते पत्र मी गादीखाली ठेवलं होतं आणि रोज रात्री त्याच्यावर झोपत होते.

गेनबाला ते पत्र माहीत होतं. जानेवारीपासून दर रविवारी तो फक्त माझ्यासाठी लॅब उघडायचा. मी मेट्रोनोम लावायची, तो चढायचा-उतरायचा, मग स्टुलावर बसायचा आणि दंड पुढे करायचा. मी पट्टा गुंडाळायची, रबरी फुगा दाबून पारा वर चढवायची आणि कोपराच्या आतल्या धमनीवर स्टेथास्कोप ठेवून हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके नाहीसे होतील तो खालचा. सांगायला सोपं वाटतं. पण मेट्रोनोमची टकटक, पंख्याची घरघर आणि आपल्याच घाबरलेल्या छातीची धडधड यांत तो बारीकसा ठोका हरवून जायचा.

त्यासाठी आमच्या हॉस्टेलात एक चिठ्ठी होती. वरच्या वर्गातल्या मुली खालच्या मुलींना जुन्या वह्या देत, तशी ती चिठ्ठी देत. चार घड्या पडून कापडासारखी मऊ झालेली. वर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘गेनबाचे आकडे’. बसलेला असताना १२८/८०. थांबल्याबरोबर १७६/७०. तिसऱ्या मिनिटाला १२४/७६. पाचव्या मिनिटाला १२०/७८. कुणीतरी हुशार मुलीने कधीतरी खरोखर मोजून लिहिले असणार. नंतरच्या साऱ्या जणींनी ते पाठ केले. ऐकू आलं तर उत्तमच. नाही आलं, तर चिठ्ठी.

गेनबाला चिठ्ठीही माहीत होती. त्याला तिचा अभिमान वाटायचा.

“चार साल झालं, माझा आकडा हललेला न्हाय,” तो म्हणायचा. “साहेबांचं घड्याळ मागं पडंल, पर गेनबाचं रगात टायमाला येतं.”

त्या सकाळी मी पट्टा, फुगा, नळ्या तपासत होते, तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, “ऐकू न्हाय आलं तर भ्यायचं न्हाय. थांबायचं न्हाय. आकडा तुमाला पाठ हाय. लिवायचा आणि फुडं बोलायचं. बोलण्यात घोटाळा हुतो तुमचा, मोजण्यात न्हाय.”

“आणि चुकलं तर?”

“मी हाय की उबा तिथं. मान हलवीन.”

पहिल्या पाच जणींची परीक्षा आमच्या चिटगोपेकर सरांनी घेतली. ते खात्याचे प्रमुख. तिरसट होते, पण माणूसपण होतं. प्रत्येक वेळी पाच मिनिटं संपली की मान वर न करता म्हणायचे, “बस रे गेनबा.” गेनबा स्टुलावर बसायचा. मग उठून बाहेरच्या माठातलं पाणी पिऊन यायचा, लॅबच्या दारात दोन येरझाऱ्या घालायचा आणि पुन्हा पायरीपाशी येऊन उभा राहायचा. आम्ही मुली व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. लता दिवेकर माझ्या आधीची. ती बाहेर आली तेव्हा हसत होती.

“ऐकू आलं?” मी विचारलं.

“छे गं. पंखा केवढा घरघरतोय. चिठ्ठी झिंदाबाद.”

साडेबारा वाजले. माझं नाव पुकारायच्या आधीच बाहेरून आलेले परीक्षक, डॉ. कारखानीस, शेजारच्या खोलीतून उठून आमच्या लॅबमध्ये आले. मुलांची परीक्षा तेच घेत होते. पाच मुलं त्यांनी रडवली होती.

“शेवटची मुलगी मी घेतो, चिटगोपेकर,” ते म्हणाले. “तुम्ही जेवून घ्या.”

सर चष्मा पुसत बाहेर गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले.

डॉ. कारखानीस खुर्चीत बसले. त्यांच्याजवळ एक चामड्याची बॅग होती आणि उन्हाची टोपी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन्ही वस्तू जवळच्या स्टुलावर ठेवल्या.

ते गेनबाचं स्टूल होतं.

गेनबाने ते पाहिलं. मीही पाहिलं. त्याने कोटाची डावी बाही काढली, दंड मोकळा केला, कोट उजव्या खांद्यावरून तसाच लोंबत ठेवला आणि पायरीसमोर उभा राहिला. त्याची बंडी पाठीला चिकटली होती.

“सुरू,” डॉ. कारखानीस म्हणाले.

तो चढायला लागला. वर, वर, खाली, खाली. मी ठोके मोजत होते, पण नजर त्याच्या पायांवर होती. वहाणा काढलेले, टाचांना भेगा पडलेले पाय. चौथ्या मिनिटाला त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. आधीच्या पाच वेळा व्हरांड्यातून तो ऐकू आला नव्हता, की मी ऐकला नव्हता, देव जाणे. एकदा त्याचं पाऊल चुकलं. डॉ. कारखानिसांनी बोटाने टेबलावर टकटक केलं. गेनबाने पाय उचलून ताल पुन्हा धरला.

“थांब.”

तो थांबला. स्टुलाकडे वळला, बॅगेपाशी थबकला आणि दोन पावलं मागे सरला. काचेच्या बरण्यांचं मोठं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा होता. तो तिथे जाऊन सरळ उभा राहिला. उजव्या हाताने त्याने कपाटाची पितळी कडी धरली. साहेबांसमोर जमिनीवर बसायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नसेल. माझ्या मनात आलं होतं. ‘सर, बॅग जरा हलवू का,’ एवढंच म्हणायचं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी पट्टा बांधला. थांबल्याबरोबरचा रक्तदाब मोजला. ठोके मोठे, स्पष्ट, कानठळ्या बसवणारे होते. १८४/६८. चिठ्ठीपेक्षा वेगळे. खरे. मी ते लिहिले आणि मला अतोनात आनंद झाला. मला ऐकू येतं! मला जमतं!

“हं,” डॉ. कारखानीस म्हणाले. “तिसऱ्या मिनिटापर्यंत वेळ आहे. इकडे बघा. माझ्याकडे. व्यायाम करताना या माणसाचं रक्त कुठे गेलं?”

तोंडी परीक्षा इंग्रजीत चालत असे. मी मराठीत सांगते आहे.

मी वळले. गेनबा माझ्या पाठीशी गेला.

“पायांच्या स्नायूंत गेलं, सर.” माझा आवाज निघाला. मलाच नवल वाटलं. “तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. एरवी हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं, ते आता पंधरा-वीस लिटर ढकलतं. आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आकसतात, म्हणजे तिथलं रक्त पायांना मिळतं.”

“एवढ्या वाहिन्या रुंदावल्या, तर रक्तदाब कोसळायला हवा. चढतो कसा?”

“हृदय ते भरून काढतं, सर. वरचा आकडा चढतो. खालचा फारसा हलत नाही, थोडा उतरतोसुद्धा. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या जागा आहेत. त्या मेंदूला सतत कळवत राहतात.”

“मग हृदयाकडे एवढं रक्त परत येतं कसं? पायातून वर, चढावर?”

“स्नायू पिळतात, सर. पोटऱ्या आवळल्या की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. शिरांना झडपा असतात, ते खाली येत नाही. पोटरी म्हणजे दुसरं हृदयच.”

डॉ. कारखानिसांनी मान हलवली. सकाळपासून त्यांनी कुणासाठी मान हलवली नव्हती, हे व्हरांड्यात सगळ्यांना माहीत होतं. मला बापू दिसले, कराडचं न पाहिलेलं घर दिसलं, आणि ते घर दूर जाताना दिसलं.

“तीन मिनिटं झाली,” ते घड्याळ बघून म्हणाले. “मोजा.”

मी वळले. फुगा दाबला. पारा दोनशेपर्यंत चढवला. स्टेथास्कोप कोपरात ठेवला, हवा सोडली. दीडशे. एकशे तीस. एकशे दहा. काही नाही. नव्वद. काही नाही. पारा खाली उतरत गेला आणि तळाला जाऊन बसला. मी पुन्हा फुगा दाबला. पुन्हा पारा उतरला. पंखा घरघरत होता. माझ्या कानात माझंच काळीज होतं.

मी वर पाहिलं. गेनबाचा चेहरा निस्तेज दिसत होता आणि ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. कपाटाच्या सावलीत उभा आहे म्हणून तसा दिसतो, असं मला वाटलं. की मी वाटून घेतलं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. आणि मग त्याने मान हलवली. खाली, आणि पुन्हा वर.

मान हलवीन, तो म्हणाला होता.

“किती?” डॉ. कारखानिसांनी विचारलं.

“एकशे चोवीस, शहात्तर,” मी म्हटलं. आणि लिहिलं.

“छान. पाचव्या मिनिटाला शेवटचं मोजा. तोवर एक प्रश्न, आणि तो बरोबर आला तर तुम्ही सुटलात.” ते खुर्चीत मागे रेलले. “समजा, एवढा व्यायाम करून माणूस एकदम थांबला. बसला नाही, चालला नाही, आडवा झाला नाही. उभा राहिला, स्तब्ध. काय होईल?”

मला उत्तर येत होतं. उत्तराचं पान डोळ्यांसमोर होतं, डाव्या हाताचं पान, खालून दुसरा परिच्छेद.

“पोटऱ्या पिळायच्या थांबतील, सर. पण पायातल्या वाहिन्या रुंदावलेल्याच राहतील. रक्त पायातच साचेल, हृदयाकडे परत येणार नाही. हृदयाकडेच आलं नाही तर ते पुढे काय ढकलणार? रक्तदाब कोसळेल.”

“उन्हाळा असला तर?”

“तर आणखी वाईट. अंगाची उष्णता बाहेर टाकण्यासाठी बरंच रक्त कातडीकडे वळलेलं असतं.”

“शरीर काही करणार नाही?”

“करेल, सर. मानेतल्या त्या जागा मेंदूला कळवतील. हृदय धावेल, वाहिन्या आकसायला बघतील. नाही पुरलं, तर मेंदूला रक्त मिळणार नाही आणि माणूस बेशुद्ध होऊन पडेल.” मी थांबले नाही. माझी जीभ सुटली होती. आयुष्यात पहिल्यांदा. “आणि पडणं हाच शेवटचा उपाय असतो, सर. पडला की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतं, रक्त आपोआप मेंदूकडे जातं. म्हणून अशा माणसाला कधीही उभं धरून ठेवायचं नाही. आडवं करायचं, पाय वर घ्यायचे.”

“आणि पडूच शकला नाही तर? आधाराला टेकून उभाच राहिला तर?”

“तर…” मी म्हटलं.

तोवर उत्तर पुस्तकातलं होतं. त्यापुढचं पुस्तकात नव्हतं. मला माझ्या पाठीमागची शांतता ऐकू आली. चौथ्या मिनिटापासून ज्या श्वासाच्या आवाजाची कानांना सवय झाली होती, तो तिथे नव्हता.

मी वळले. गेनबा उभा होता. पाठ कोपऱ्यात, खांदा कपाटाला, हात कडीत मनगटापर्यंत अडकलेला. डोक्यावरची टोपी सरळ होती. बिल्ला चमकत होता. अर्धवट उघडे डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते.

“गेनबा?”

मी त्याचा हात धरला. तो गार आणि चिकट होता. मी कडीतून त्याचं मनगट सोडवलं, आणि तो पोतं सुटावं तसा एकदम माझ्या अंगावर आला.

पुढचं मला तुकड्यांनी आठवतं. बी.पी.चं यंत्र खाली पडलं आणि पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले. बाहेरून दोन शिपाई धावत आले, त्यांनी त्याच्या काखांत हात घालून त्याला उभा केला. “उबा करा, साहेबांच्या म्होरं पडलाय, भाईर न्या,” त्यातला एक म्हणत होता. मी ओरडले, “आडवं करा! आडवं करा त्याला!” इतक्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते. त्यांनी त्याला ठेवला. मी त्याचे पाय माझ्या खांद्यावर घेतले. डॉ. कारखानीस गुडघ्यांवर बसून त्याच्या मानेवर बोटं दाबत होते आणि जागा बदलत होते. छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याची रीत तेव्हा नुकती मासिकांत आली होती; आमच्यातल्या कुणी ती केलेली नव्हती. वॉर्डातून डॉक्टर आले, सुई आली. पाऊण तासाने चिटगोपेकर सरांनी माझ्या खांद्यावरचे पाय खाली घेतले.

“सोड आता, पाटणकर,” ते म्हणाले.

त्याचा डबा दाराशी खुंटीला तसाच होता.

तीन दिवसांनी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. प्राचार्यांनी चौकशी लावली होती. टेबलावर माझा परीक्षेचा कागद होता.

“तिसऱ्या मिनिटाला तू मोजलंस?”

“हो सर.”

“ठोके ऐकू आले?”

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती उडेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं.

“हो सर.”

सरांनी खणातून आणखी पाच कागद काढले आणि माझ्या कागदाशेजारी एकेक करून मांडले. सहा मुली. सहा वेगवेगळी अक्षरं. तिसरं मिनिट: १२४/७६. १२४/७६. १२४/७६. सहाही कागदांवर तोच आकडा.

“मुलांच्या अठरा कागदांत दोन आकडे सारखे नाहीत,” सर म्हणाले.

आता सगळं संपणार, असं वाटलं. आणि खरं सांगते, संपलं असतं तर बरं, असंही वाटलं. मी टेबलाची कड धरली.

सरांनी सहाही कागद एकावर एक रचले, पाकिटात घातले, लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली आणि पाकिटाला मोहर केली.

“तो दर वेळी मी ‘बस’ म्हटलं की बसायचा,” ते पाकिटाकडे बघत म्हणाले. “मी जेवायला गेलो. जा तू.”

चौकशीचा अहवाल एका पानाचा होता. परीक्षेनंतर तिसऱ्या मिनिटाला मयताचा रक्तदाब पूर्णपणे पूर्ववत झाल्याची नोंद आहे. सबब मृत्यूचा परीक्षेशी संबंध नाही. हृदयाचा जुना विकार असावा. पुढच्या वर्षी मुलींसाठी दुसरा शिपाई नेमला गेला. स्टुलाबद्दल त्या पानावर एक शब्द नव्हता.

मी पास झाले. तोंडी परीक्षेत मला पन्नासपैकी त्रेचाळीस होते. डॉ. कारखानिसांनी त्या वर्षी दिलेले सगळ्यांत जास्त.

निकाल लागला त्या संध्याकाळी गेनबाची बायको, हौसाबाई, हॉस्टेलच्या फाटकाशी आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बुटकी, काळीसावळी, कपाळ मोकळं. हातात एक कागदाचा पुडा.

“कुमुदबाई तुमीच न्हवं?”

“हो.”

“त्येनी लई सांगायचं तुमचं. बोलताना भिती म्हणायचं, पर पास हुणार म्हणायचं.” तिने पुडा पुढे केला. “पेढं हायती. पास झाल्या की पेढं मागायचं ठरवलं हुतं त्येनी. आता त्ये मागायला न्हाईत, तर म्हटलं आपणच द्यावं.”

मी पुडा घेतला. हात पुढे करण्यावाचून काय करणार होते?

“एक इचारू का, बाई?”

“विचारा ना.”

“शेवटाला तुमीच हुता न्हवं त्यांच्यापाशी? त्यो मशिनीचा पट्टा तुमच्या हातात हुता.” ती फाटकाच्या गजावरून बोट फिरवत होती. “साहेब म्हणलं, आकडा अगदी बरोबर आला हुता. एकशे चोवीस. घरीबी आमाला म्हाईत हुता त्यो आकडा, पोरंबी म्हणायची. मंग मी म्हणलं, आकडा बरोबर हुता म्हंजे तवर तरी त्यास्नी काय तरास नसंल. उब्या उब्या देवानं उचलला. तसंच झालं न्हवं?”

“हो.”

“तवा नाडी चांगली हुती?”

“होती,” मी म्हटलं.

तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मग, मला अजून दिसतं, ती हसली. हायसं वाटल्यासारखी. “बरं झालं, बाई. मला रातच्याला वाटायचं, त्येनी कुनाला हाक मारत असतील आन् कुनाला ऐकू येत नसंल.”

ती गेली. पेढे मी कुणाला दिले नाहीत, खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत. खोलीत मुंग्या झाल्या तेव्हा लताने ते काढले.

पुढे मी फिजिऑलॉजीच शिकवली, दुसऱ्या शहरात, एकतीस वर्षं. माझ्या लॅबमध्ये मुली मुलींवर परीक्षा करत, सलवार-कमीज घालून, आणि कुणाच्याही स्टुलावर कुणाची बॅग ठेवलेली मला चालत नसे. मुलं म्हणायची, बाई वेड्या आहेत स्टुलाच्या. हौसाबाईला मी नंतर कधी भेटले नाही. पुष्कळदा पत्र लिहायला बसले. सुरुवातीला नवऱ्याने विचारलं कुणाला लिहितेस, नंतर विचारणं सोडून दिलं.

त्या मान हलवण्याबद्दल मी एवढंच सांगू शकते. बेशुद्ध होत असलेल्या माणसाची मान खाली जाते. तो धडपडून ती वर आणतो. मी पुढे अनेकांना असं होताना पाहिलं, आणि दर वेळी वेळेवर आडवं केलं. त्यांतलं कुणी मेलं नाही.

हौसाबाई आता नसेल. चिटगोपेकर सर, डॉ. कारखानीस, लता, कुणीच नाही. तो कागद कुठल्या तरी कपाटात कुजून गेला असेल. म्हणून इथे लिहून ठेवते, जसं तेव्हा लिहायला हवं होतं.

गेनबा खिलारे. वय अंदाजे पन्नास. व्यायामानंतर, उभ्या स्थितीत. थांबल्याबरोबर १८४/६८. तिसरं मिनिट: दोनदा मोजला. ठोके ऐकू आले नाहीत.